तारीख आधी ठरवा: वैमानिकांच्या करारासाठी समेटाला बसणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य श्रम आयुक्त (केंद्रीय), नवी दिल्ली,
तसेच विमान कंपन्यांची व्यवस्थापने आणि वैमानिक संघटनांचे पदाधिकारी

विषय: वैमानिकांच्या सेवाकरारावरील समेट बैठकांमध्ये करार लागू होण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरविण्याबाबत

महोदय, महोदया,

मी वैमानिक नाही आणि कामगार कायद्याचा वकीलही नाही. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या, साखरेचा पाक शिजवणाऱ्या पॅन विभागात एकतीस वर्षे पाळी केली आणि त्यातली शेवटची बारा वर्षे युनियनचा चिटणीस म्हणून वेतनकराराच्या बैठकांना बसलो, एवढीच माझी ओळख. मी पलूस तालुक्यात राहतो. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षे पडून आहे आणि तिथले विमानतळ निवडणूक आली की आम्हाला नव्याने मिळते. कवलापूर हे गाजरांचे गाव असल्यामुळे त्यावर पारावर जे विनोद होतात ते इथे लिहीत नाही. विमान धरायचे तर आम्ही कोल्हापूरला उजळाईवाडीला किंवा पुण्याला जातो. अशा माणसाने विमान कंपन्यांच्या करारात का पडावे, असा प्रश्न आपणास पडेल. माझी भाची एका खासगी विमान कंपनीत को-पायलट आहे, हे एक कारण. दुसरे असे की तिच्याकडून जे ऐकले ते सगळे मी आधी पाहिलेले होते, फक्त ते साखरेच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी पाहिलेले होते.

गेल्या गौरी-गणपतीत ती दोन दिवसांसाठी घरी आली होती. आदल्या रात्री उशिराचे विमान उतरवून, मग गाडीने पाच तास प्रवास करून ती सकाळी पोहोचली आणि भर दुपारी माजघरात खिडकीला जाड सतरंजी अडकवून झोपली. बाहेर पोरांनी झांजा काढल्या, तशा माझ्या बहिणीने त्या हिसकावून घेतल्या. साडेतीनच्या सुमारास तिचा मोबाईल वाजला. रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, बदलले होते आणि दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ स्टँडबायमध्ये, म्हणजे बोलावले तर निघायच्या तयारीत, गेली होती. तिने मोबाईल पालथा ठेवला, पुन्हा डोळे मिटले, पण झोप मोडली ती मोडलीच. थोड्या वेळाने उठून ती सारणासाठी नारळ खवायला बसली. खवता खवता तिने मला विचारले, "मामा, तुमच्याकडे जुना करार संपून नवा होईपर्यंत मधल्या काळाचं काय व्हायचं?" मी म्हणालो, "फरक मिळायचा. मधल्या महिन्यांची वाढ मागून एकदम." ती म्हणाली, "आमच्याकडे फरक नाही. सही होईल त्या दिवसापासून पुढे, असं कंपनी म्हणते. आणि सहीची घाई कुणालाच नाही."

या पत्रात मला जे सांगायचे आहे ते तिच्या शेवटच्या वाक्यात आहे.

महाराष्ट्रातल्या साखर कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरते. शासन, कारखानदार आणि कामगार प्रतिनिधी असे तीन पक्ष तिथे बसतात. एक करार ३१ मार्च २०१९ रोजी संपला. पुढचा, बारा टक्के वाढीचा, करार व्हायला २०२१ साल उजाडले. पण तो लागू झाला १ एप्रिल २०१९ पासून. तोही ३१ मार्च २०२४ ला संपला आणि दहा टक्क्यांचा पुढचा निर्णय २०२५ मध्ये झाला, तोसुद्धा १ एप्रिल २०२४ पासून धरूनच. उशीर दोन्ही वेळा झाला, कामगारांना मोर्चे काढावे लागले, संपाच्या नोटिसा द्याव्या लागल्या, आणि करार झाल्यावरही फरकाची रक्कम अनेक कारखान्यांनी वेळेवर दिली नाही, हे मी लपवीत नाही. तरीही एक गोष्ट बैठकीला बसण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असायची: करार कधीही झाला तरी तो जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजला जाणार. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या उशिरागणिक कारखान्याच्या डोक्यावरचा बोजा वाढत जायचा, आणि ज्या कार्यकारी संचालकाला एरवी आमच्या पत्राला उत्तर द्यायला सवड नसायची, तोच मार्च महिन्याचा ताळेबंद जवळ आला की "एकदा बसून घेऊ" असा निरोप पाठवायचा.

याच्या उलट अनुभवही माझ्याजवळ आहे. आमच्या भागातल्या एका खासगी कारखान्याच्या कंत्राटी कामगारांसाठी मी काही काळ धावपळ केली. तिथे मागणीपत्रकात लागू होण्याची तारीख घालायला आम्ही विसरलो होतो. चूक आमचीच. सांगलीत समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे, सात तारखा झाल्या. सातही वेळा व्यवस्थापनाने एका तरुण कार्मिक अधिकाऱ्याला पाठवले. मुलगा सभ्य होता, हजेरीपत्रकावर सुवाच्य सही करायचा, चहा घ्यायचा आणि प्रत्येक मुद्द्यावर "वर विचारून सांगतो" म्हणायचा. पाचव्या तारखेला मी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठले आणि विचारले की, बाबा, वर खरोखर विचारतोस तरी का? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "साहेब, वर कुणी विचारतच नाही. त्यांना घाई कुठे आहे?" पंधरा महिन्यांनी करार झाला. मागितल्याच्या निम्मे मिळाले आणि ते सहीच्या दिवसापासून मिळाले. कारखान्याने त्या पंधरा महिन्यांत वाचवलेली रक्कम आम्ही नंतर वहीत मांडली, तेव्हा लक्षात आले की पुढच्या दोन वर्षांची वाढ त्यांनी आमच्याच पैशातून दिली होती.

वैमानिकांच्या बाबतीत या उशिराला कायद्याचेही पाठबळ मिळते, आणि ते कसे हे जरा सविस्तर सांगणे भाग आहे. हवाई वाहतूक पूर्वीपासून सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा मानली गेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा सेवेत संपासाठी आगाऊ नोटीस बंधनकारक होती आणि समेटाचे काम चालू असताना, तसेच ते संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत, संपाला बंदी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्यातही नोटीस दिल्याशिवाय संप नाही, नोटिशीनंतर चौदा दिवस संप नाही, समेट चालू असेतोवर नाही आणि त्यानंतर सात दिवस नाही. समेट चालू असताना सेवाशर्ती आहेत तशा ठेवायच्या, हेही बंधन आहे. कागदावर हे बंधन दोघांवर सारखे आहे. प्रत्यक्षात कामगाराचे एकमेव हत्यार खुंटीला टांगले जाते आणि कंपनीचे जुने दर, जुने रोस्टर, जुन्या अटी जिथल्या तिथे चालू राहतात. ज्याला आहे ते चालू राहण्यात फायदा आहे, त्याला "आहे तसे ठेवा" या आज्ञेचा जाच कसला व्हायचा?

संपाची नोटीस असेल तर समेट अधिकाऱ्याने चौदा दिवसांत आणि एरवी पंचेचाळीस दिवसांत काम पुरे करावे, अशी मुदत नव्या संहितेत घातली आहे आणि समेट फसला तर वाद न्यायाधिकरणाकडे सोपवणाऱ्या सरकारी संदर्भपत्राची वाट न पाहता नव्वद दिवसांच्या आत थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण न्यायाधिकरणात प्रकरण गेल्यावर किती दिवाळ्या जातात, हे या पत्राच्या वाचकांपैकी कुणाला सांगायला नको. समेटाची मुदत आखली म्हणून प्रतीक्षा संपत नाही. ती फक्त एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते.

आमच्या भाचीचे सहकारी अमेरिकेचे दाखले देतात. तिथल्या डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांना २०२३ च्या करारात चार वर्षांत मिळून चौतीस टक्के वाढ मिळाली, हा आकडा त्यांच्या तोंडपाठ आहे. मी तिला म्हटले की आकडा पाहू नकोस, रस्ता पाहा. तिकडे हा सगळा कारभार रेल्वे लेबर ॲक्ट या १९२६ च्या कायद्याखाली चालतो. १९३६ मध्ये विमान कंपन्याही त्याच्याखाली आल्या. त्या कायद्यात करार संपत नाही. एका ठरलेल्या तारखेपासून तो बदलता येण्याजोगा होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. थेट बोलणी फिसकटली की प्रकरण नॅशनल मेडिएशन बोर्डाकडे जाते. त्या मंडळाने मध्यस्थी किती दिवस चालवावी याला कायद्यात मुदतच नाही. मंडळाला वाटले की आता काही होणे नाही, तर ते लवादाचा प्रस्ताव देते. दोहोंपैकी एकाने तो नाकारला की दोघांना मोकळे करते आणि त्यानंतर तीस दिवसांचा शांतताकाळ सुरू होतो. तो उलटला की संप करता येतो. पण राष्ट्राध्यक्ष आणीबाणी मंडळ नेमून तोही लांबवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी मध्यरात्री संप सुरू केला आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काही मिनिटांतच हस्तक्षेप करून तो थांबवला. म्हणजे ज्यांची उदाहरणे आपण देतो, ते वैमानिक आधी वर्षानुवर्षे मध्यस्थाच्या दारात बसलेले असतात. डेल्टाचा जुना करार २०१९ अखेरीसच बदलाला आला होता.

मग त्यांना प्रतीक्षा परवडते कशी? एक म्हणजे त्यांची संघटना तिथे कायद्याने मान्यताप्राप्त आणि एकच असते. आणि दुसरे, माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे: डेल्टाच्या त्या करारात पुढच्या वाढीबरोबरच उलटून गेलेल्या वर्षांपोटीही एकरकमी रक्कम होती. मधला काळ कंपनीला पूर्णपणे फुकटात मिळाला नाही. आमच्या भाषेत, फरक मिळाला. तिथल्याच स्पिरिट कंपनीच्या वैमानिकांना २०१० मध्ये मंडळाने मोकळे केल्यावर पाच दिवस संप करावा लागला आणि कोमेअरच्या वैमानिकांना २००१ मध्ये एकोणनव्वद दिवस. ही उदाहरणेही भाचीच्या सहकाऱ्यांनी डेल्टाच्या शेजारी लिहून ठेवावीत.

आता वैमानिक संघटनांना दोन शब्द, आणि ते थोडे कडू आहेत. आपल्याकडे कायदेशीर संपाची वाट इतकी अरुंद असल्यामुळे सामूहिक आजारपणाची पळवाट रूढ झाली आहे. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक, संघटना स्थापन केल्यावरून दोघांना काढल्यामुळे, असेच एकदम आजारी पडले. मे २०१२ मध्ये एअर इंडियाचा वाद ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कुणाला द्यायचे यावरून पेटला. त्याचीही सुरुवात आजारपणाच्या रजेने झाली, तो अठ्ठावन्न दिवस चालला आणि त्यात संघटनेची मान्यताच गेली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तेच केले. त्या वेळी पंचवीस जणांना काढून टाकले गेले आणि दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांच्या कार्यालयात समेटाची बैठक झाल्यावर त्यांना परत घेण्यात आले. हा शेवटचा प्रसंग समेटाच्या यंत्रणेच्या बाजूने बोलतो, म्हणून तो मुद्दाम सांगितला. नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेणे म्हणजे संपच, असे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा ती वाटही आता काटेरी झाली आहे.

माझा आक्षेप मात्र कायद्याच्या भीतीपोटी नाही. मी रात्री आठ ते पहाटे चारची पाळी पुष्कळ केली आहे. पहाटे अडीच-तीनला पॅनवर उभा असलेला माणूस काचेतून पाकाचा दाणा बघतो, त्याला दाणा दिसतो, पण दिसलेले मेंदूपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. पॅन उतू गेले तर आमचे नुकसान पोत्यांत मोजता येते. भाचीच्या मागे एकशेऐंशी माणसे बसलेली असतात. तिने "मी थकले आहे, आज उडवत नाही" असे कळवले, तर ते वाक्य विनाशंका खरे मानले गेले पाहिजे, आणि ते तेव्हाच मानले जाईल जेव्हा कुणीही ते वाक्य पगाराच्या भांडणात वापरलेले नसेल. आजारपणाची रजा हत्यार म्हणून उपसली की ती खरोखर आजारी असलेल्याच्या हातून निसटते. भांडायचे तर नोटीस देऊन, तारीख सांगून, उजळ माथ्याने भांडावे.

विश्रांतीचा प्रश्न पैशांच्या प्रश्नाशी एकाच गाठोड्यात बांधू नये, हेही मला याच कारणाने वाटते. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पुढे डिसेंबरात काय झाले ते देशाने पाहिले: इंडिगोची एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले आणि डीजीसीएला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत द्यावी लागली. नियम सुमारे दोन वर्षे आधी लिहिलेले होते. ते लागू होण्याची तारीख पुढे जात राहिली आणि प्रत्येक वेळी ती अजूनही पुढे जाईल असे मानून माणसे भरली गेली नाहीत. तारखेवर कुणाचा विश्वास राहिला नाही की तयारी कुणी करीत नाही, हा धडा त्यातून मी घेतला. वेतनकरारालाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

सही कुणी करायची, हा दुसरा जुना आजार. माझे थोरले चुलतभाऊ परळच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यात आमच्या सातारा-सांगलीकडचे किती तरी. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. दादा दीड वर्षाने ट्रंक घेऊन गावी आले आणि पुढे आयुष्यभर भावकीच्या विहिरीवर मोटर चालू-बंद करीत राहिले. ते एक गोष्ट नेहमी सांगत: ज्याच्या मागे कामगार होते त्याला सहीचा अधिकार नव्हता आणि ज्याला सहीचा अधिकार होता त्याच्या मागे कामगार नव्हते. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती आणि गिरणगाव संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्या मागे होते, हे सगळे त्या एका वाक्यात आले. नव्या संहितेत एक्कावन्न टक्के सभासद असलेली संघटना ही एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरते आणि तशी नसेल तर निरनिराळ्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बसवता येते. वैमानिकांत मात्र कुठे विमानाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या संघटना, कुठे विलीनीकरणानंतर दोन परंपरांचे वैमानिक एकाच रोस्टरवर, तर कुठे कंपनीत संघटनाच नाही आणि प्रत्येकाचा ईमेलवर आलेला स्वतंत्र करार. विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांना २०२४ च्या सुरुवातीला दरमहा सत्तर उड्डाण-तासांच्या हमीच्या वेतनाऐवजी चाळीस तासांच्या हमीचा करार पुढे आला तो असाच, आणि एप्रिलमध्ये उड्डाणे कोलमडली तेव्हा कुठे कंपनी बोलायला बसली. आधी बसली असती तर काय बिघडले असते? संघटनांनी आपापसात सभासद मोजून घ्यावेत आणि कंपन्यांनी "वर विचारून सांगतो" असे म्हणणारा मुलगा पाठवू नये. आयुक्त महोदय, सहीचा अधिकार नसलेला प्रतिनिधी आला तर त्या दिवशीची बैठक गैरहजेरी म्हणून नोंदवली जावी, एवढे तरी आपल्या हातात असावे.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असे समजू नये. साखर कारखाना आणि विमान कंपनी यांत साम्य पुष्कळ आहे: दोघांचा मुख्य खर्च त्यांच्या हातात नाही, दोघांच्या मालाची किंमत लोकांना नेहमीच जास्त वाटते आणि दोघेही हंगामावर जगतात. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेटची विमाने १७ एप्रिल २०१९ नंतर उडाली नाहीत, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या कंपन्यांच्या वैमानिकांनी थकलेल्या पगाराची पत्रे घेऊन दुसरीकडे रांगा लावल्या. वैमानिकालाही कंपनी जगायला हवी असते. नोकरी सोडायची तर कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे बुडत्या जहाजातून उडी मारायलाही त्याला आधी अर्ज करावा लागतो. मागील फरकाचा आकडा एकदम अंगावर आला तर कंपनी हलेल, ही भीतीही खरी आहे. पण त्यावर इलाज जुना आणि सोपा आहे. ज्या दिवशी जुना करार संपतो त्या दिवसापासून व्यवस्थापनाने आपल्याच अंदाजाने दरमहा काही टक्के रक्कम बाजूला काढून ठेवावी. ती किती, हे संघटनेला सांगायची गरज नाही. आमच्याकडच्या एका कारखान्याचे मुख्य लेखापाल असे करीत आणि त्यांच्या कारखान्यात फरकाच्या वाटपावरून कधीही गेट बंद झाले नाही.

फरक नक्की असेल तर संघटनाही निवांत बसतील आणि मुद्दाम ताणून धरतील, असे एका व्यवस्थापकाने मला तोंडावर सांगितले होते. यात तथ्य आहे. आमच्यातही एक-दोन पुढारी असे होते की ज्यांना बैठकीचा भत्ता आणि पुण्याची फेरी करारापेक्षा प्रिय होती. म्हणून फरकाला मर्यादा घालण्यास माझी हरकत नाही: संघटनेने एखादी बैठक विनाकारण टाळली, तर तेवढे दिवस फरकातून वजा व्हावेत, कंपनीने टाळली, तर तेवढ्या दिवसांच्या फरकावर व्याज चढावे. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या खिशातून उशिराची किंमत जावी.

गावात मला विचारतात की, लाखांनी पगार घेणाऱ्यांना फरकाची एवढी काळजी कशाला? त्यांच्या माहितीसाठी: व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि एकूण खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण त्याशिवाय. भाचीने बारामतीला तास भरले, तेव्हा माझ्या मेहुण्यांनी तासगावकडची दोन एकर द्राक्षबाग बँकेकडे गहाण ठेवली. ती अजून सुटलेली नाही. बँकेचा हप्ता मात्र करार होईपर्यंत थांबत नाही आणि बँकेला "सहीच्या दिवसापासून पुढे" ही भाषा समजत नाही.

तेव्हा विनंती एकच आहे. यापुढे कोणत्याही विमान कंपनीच्या वैमानिकांचा वाद समेटासाठी आला, तर वेतन, भत्ते, रोस्टर, रजा यांतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात खालील मजकूर घालून उभय पक्षांच्या सह्या घ्याव्यात. मसुदा मी आमच्या जुन्या करारांवरून तयार केला आहे. कायद्याच्या भाषेत तो नीट बसवण्याचे काम आपल्या कार्यालयाने करावे.

"उभय पक्षांमध्ये होणारा सेवाकरार, त्यावर सही कोणत्याही दिनांकास झाली तरी, पूर्वीचा करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू राहील. समेट फसून वाद न्यायाधिकरणाकडे गेल्यास न्यायाधिकरणापुढेही उभय पक्ष याच दिनांकास बांधील राहतील. विश्रांती व कर्तव्यकाळासंबंधी उभय पक्षांत एकमत झालेली कलमे मात्र वेतनाच्या कलमांची वाट न पाहता, एकमत झाल्यापासून तीस दिवसांच्या आत अमलात येतील."

भाचीच्या कंपनीतल्या बोलण्यांची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे, असे तिने काल फोनवर सांगितले. या मजकुराची एक प्रत मी तिला पाठवली आहे. ती म्हणाली, "मामा, तारखेचं हे सगळ्यात शेवटी घेऊ, असं आमचे लोक म्हणतायत." त्यांनाही हे पत्र वाचावयास मिळावे, म्हणून ते खुले ठेवले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त साखर कामगार,
तालुका पलूस, जिल्हा सांगली